हिमालयात मुलांचा कॅम्प नेताय? रोज रात्री हे करा

दर रविवारी सिंहगड चढणारी पुण्याची मुलंही हिमालयात आजारी पडतात. सिंहगड जेमतेम १,३०० मीटर. विरळ हवेचा त्रास साधारण २,५०० मीटरच्या वर सुरू होतो. त्यात मागे ठेवतील या भीतीने मुलं डोकेदुखी लपवतात. म्हणून जेवणानंतर प्रत्येकाला बाजूला घेऊन:

१. डोकं दुखतंय का, मळमळतंय का, विचारा. ताटात अन्न तसंच राहिलं असेल तर तेही लक्षणच समजा.

२. टाचेला अंगठा टेकवत सरळ रेषेत दहा पावलं चालायला लावा.

डोकं दुखत असेल तर बरं वाटेपर्यंत आणखी वर नेऊ नका. तोल गेला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर सोबत मोठं माणूस देऊन लगेच खाली उतरवा, सकाळची वाट पाहू नका. झोपेची गोळी अजिबात नको.