सिंधुदुर्गाच्या फोटोला निघताना आधी तिथी बघा

आम्हा सातारकरांना किल्ला मान वर करून बघायची सवय. अजिंक्यतारा गावातून कुठूनही दिसतो, आणि उजेड मनासारखा नसेल तर टेकडीवरच्या ‘चार भिंती’ स्मारकापर्यंत चढून दुसरा कोन शोधता येतो. मालवणच्या सिंधुदुर्गाला हे चालत नाही. कुरटे बेटावरचा हा किल्ला पाण्यालगत आडवा पसरलाय. कुठे उभं राहायचं ते तिथे भरती-ओहोटी ठरवते.

माझा साताऱ्यात स्टुडिओ आहे. तुळशीचं लग्न लागलं की लग्नाच्या ऑर्डरी सुरू होतात, म्हणून मी दिवाळी आणि तुळशीच्या लग्नाच्या मधले दिवस मालवणसाठी धरते. पावसाळ्यात बंद असलेल्या होड्याही तोवर सुरू झालेल्या असतात.

निघण्याआधी कालनिर्णय उघडा. कोकणातला जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, तिथी शुद्ध असो वा वद्य. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. म्हणजे तृतीयेला भरती सव्वादोनला, आणि सकाळची ओहोटी सव्वाआठच्या सुमारास. दशमीला पूर्ण भरती साडेसातला. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, पण कुठला फोटो मिळणार ते घरबसल्या कळतं. तटाला पाणी भिडलेलं हवं असेल तर दशमी. मला स्वतःला तृतीया आवडते: भाऊबीज आटोपून त्याच रात्री निघायचं आणि पहाटे किनारा गाठायचा. ओहोटीला काळे खडक उघडे पडतात, त्यांच्या खळग्यांत पाणी साचतं, आणि फोटोला पुढची बाजू मिळते. ती नसेल तर नुसतं आभाळ, किल्ल्याची एक पट्टी आणि पाणी एवढंच येतं. झूम करून ही उणीव भरून निघत नाही. वाइड लेन्स लावा आणि खाली बसा.

उभं राहायला माझी जागा म्हणजे मालवणच्या किनाऱ्यावरचा खडक, मोरयाचा धोंडा. 1664 साली किल्ल्याचं भूमिपूजन इथेच झालं. खडकात गणपती, चंद्र-सूर्य कोरलेले आहेत, त्यांच्यावर ट्रायपॉडचा पाय ठेवू नका. किल्ला आपल्या पश्चिमेला, त्यामुळे सकाळचा सूर्य पाठीमागून येतो. तो माडांच्या वर आला की तट उजळतो, आणि बुरुजांच्या गोलाईवर एका बाजूने सावली धरते. तो अर्धा तास सोडू नका. पहिल्या वेळी मी संध्याकाळी धक्क्यावर गेले होते. सूर्य किल्ल्याच्या मागे, आणि दोनशे फोटोंत तटाचा एक दगड दिसेना. संध्याकाळी फक्त काळी आकृती मिळते. तीच हवी असेल तर उजेड आभाळावर मोजा.

होडीत ट्रायपॉड उघडू नका. शटर एक हजारांश सेकंदापेक्षा संथ ठेवू नका आणि कोपर अंगाशी धरा. याचा सराव आपल्याकडे बामणोलीहून वासोट्याला जाताना लाँचमध्ये होतो. होडी जवळ जाते तरी महादरवाजा दिसत नाही, तो बुरुजांच्या आड लपवलेला आहे. दरवाजाची वाट वळते तिथे कॅमेरा तयार ठेवा. तट दोन्हीकडून अंगावर आल्यासारखा वाटतो, तोच फोटो घ्या.

आत शिवराजेश्वर मंदिर आहे, राजाराम महाराजांनी बांधलेलं. तिथे पुजाऱ्यांना विचारल्याशिवाय कॅमेरा काढू नये. किल्ल्यात आजही घरं आहेत, अंगणात वाळत घातलेले कपडे आहेत. त्या माणसांनाही विचारा. 2025 मध्ये आपल्या प्रतापगडाबरोबर सिंधुदुर्गही युनेस्कोच्या यादीत गेला. तटावर चढून दगड हलवण्याइतका कुठलाच फोटो मोठा नाही. ड्रोन परवानगीशिवाय नको.

खाऱ्या वाऱ्याबद्दल मात्र नीट ऐका. लेन्सवर यूव्ही फिल्टर हवाच. त्यावर तुषार उडाले की रुमालाने पुसू नका. मीठ वाळून बारीक खडे होतात आणि काच ओरखडते. माझा एक फिल्टर असाच गेला, उन्हात धरला की अजून त्यावर अर्धगोल रेघा दिसतात. गोड्या पाण्यात भिजवून पिळलेलं मऊ फडकं आधी नुसतं टेकवायचं, मीठ विरघळू द्यायचं, मग हलक्या हाताने टिपायचं. होडीत लेन्स बदलायची नाही. रात्री कितीही दमलात तरी जेवायच्या आधी कॅमेरा आणि ट्रायपॉडचे सांधे पुसून घ्या.

आणि खडकावर असताना मागच्या खळग्यातलं पाणी हलायला लागलं, की फोटो अर्धा असला तरी सामान उचला. भरती मागून येते.