स्ल्यूइंग ड्राइव्ह निवडताना उलाळ मोजा

डिप्लोमा झाल्यावर वाळूजच्या एका वर्कशॉपमध्ये लागलो. पहिलं मोठं काम वेल्डिंग पोझिशनरचं, म्हणजे वेल्डिंगसाठी जॉब धरून फिरवणाऱ्या टेबलाचं. ते फिरवतो स्ल्यूइंग ड्राइव्ह: मोठं बेअरिंग आणि वर्म गिअर एकाच खोक्यात. फिक्श्चरसकट जॉब ६०० किलोचा. कॅटलॉगात ड्राइव्हची अक्षीय (अक्षाच्या दिशेने पेलायची) भारक्षमता त्याच्या कितीतरी पट दिसली, म्हणून निर्धास्तपणे ऑर्डर काढली. सहा महिन्यांत टेबलात प्ले (ढिलेपणा) आला. डायल लावून कड हाताने उचलली की काटा हलायचा, आणि रोबोचा टाका सांधा सोडून पडायचा.

चूक दाखवली ती फिटरमामांनी. पैठणकडचे, शेतकरी घरातले. म्हणाले, "गाडीत कडबा मागं जास्त भरला की जू वर उचलतं का नाही? वजन तेवढंच, पण गाडी उलाळ होते. तुझं मशीन उलाळ झालंय."

ही उलाळ म्हणजेच टिल्टिंग मोमेंट, ड्राइव्हला कलंडवू पाहणारा जोर. आमच्या ड्राइव्हचं तोंड उभं होतं आणि जॉबचा गुरुत्वमध्य त्या तोंडापासून ४०० मिलिमीटर पुढे लटकत होता. ६०० गुणिले ९.८१ गुणिले ०.४, म्हणजे सुमारे २,३५० न्यूटन मीटर. हा आकडा मी काढलाच नव्हता. नवीन मुलांना मी आधी हाच काढायला लावतो. झटक्यांसाठी त्यावर सेफ्टी फॅक्टर धरायचा, मगच कॅटलॉग उघडायचा.

फिरवायचा टॉर्क वेगळा. तोच गुरुत्वमध्य फिरण्याच्या अक्षापासून १५० मिलिमीटर बाजूला असेल, तर सुमारे ८८३ न्यूटन मीटर लागतो. मिनिटाला एक फेरा घ्यायचा तर हिशेबाने ९२ वॉट. पण वर्म गिअरमध्ये, म्हणजे स्क्रूसारखा वर्म दातेरी चाक फिरवतो त्यात, घर्षण फार. कार्यक्षमता ४० टक्के धरली, तर मोटर २३० वॉटच्या पुढची घ्यावी लागते. त्याच घर्षणामुळे वर्म उलटा फिरत नाही, भार जागेवर राहतो. तरी थरथर असेल तिथे एवढ्यावर विसंबू नका. खाली माणूस उभा राहणार असेल तर ब्रेक हवाच.

बॅकलॅश, म्हणजे गिअरच्या दातांमधली मोकळी हालचाल, ०.१ अंश म्हटलं की काहीच वाटत नाही. पण ५०० मिलिमीटर त्रिज्येवर तो ०.८७ मिलिमीटर होतो. वेल्डिंगला हा फरक फार मोठा.

सोलर ट्रॅकरमध्ये, म्हणजे सूर्यामागे पॅनेल फिरवणाऱ्या यंत्रणेत, गणित उलटं. तिथे फिरवायला जोर कमी लागतो, पण वळवाच्या वाऱ्यात पॅनेल धरून ठेवायला फार लागतो. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. सेकंदाला १० मीटर वाऱ्यात चौरस मीटरवर ६० न्यूटन. वाऱ्याच्या भाराच्या भारतीय मानकात, आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात, औरंगाबादसाठी (आताचं छत्रपती संभाजीनगर) मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर दिलाय, त्याला ९०० च्या वर. म्हणून तिथे होल्डिंग टॉर्क आधी बघा. धुळीसाठी सीलही नीट पाहून घ्या.

बसवताना खालचा पृष्ठभाग सपाट नसेल तर बेअरिंग ताणलं जातं आणि चांगला ड्राइव्हही घट्ट फिरतो. आम्ही दुसऱ्या वेळी प्लेट मशीन करून घेतली, १०.९ ग्रेडचे (जास्त ताकदीचे) बोल्ट समोरासमोर, टप्प्याटप्प्याने टॉर्क रेंचने आवळले. मामांनी प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून प्लेटपर्यंत पिवळ्या पेंटची रेघ ओढली. १०० तासांनी मशीन थांबवून आम्ही दोघांनी बॅटरी धरून एकेक रेघ पाहिली. दोन तुटलेल्या दिसल्या. ते बोल्ट पुन्हा आवळले, नवी रेघ ओढली आणि मशीन चालू केलं.