हडल म्हणजे हडळ नव्हे

कोल्हापूर-सांगलीकडून गोव्यात वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत नव्यानं कामाला लागलात की पहिल्याच सकाळी ऐकू येईल, "पावणेआठला हडल." मला तर हडळच ऐकू आली होती. शेजारच्या फोंड्याच्या पोराला मी हळूच विचारलं, "इथं पण असतात काय?" तो अजून भेटला की हसतो.

हडल म्हणजे कोंडाळं. मशीनजवळ नाहीतर फळ्यासमोर उभ्या-उभ्या पाच-दहा मिनिटं: काल कुठं अडलं, आज माल किती काढायचा, रजेवर कोण, कुणाला लागलं-खुपलं का. खुर्ची नाही, चहा नाही. म्हणून त्याला मीटिंग म्हणत नाहीत. सुपरवायझर गोव्याचा असेल तर "हांगा यात" (कोंकणीत 'इकडं या') अशी हाक येते. तेव्हा पुढं सरका. नवीन माणूस लाजून भिंतीला टेकतो, मशीनच्या आवाजात निम्मं ऐकू येत नाही, आणि मग दिवसभर ज्याला-त्याला विचारत फिरतो.

हा शब्द इंग्रजीत 16व्या शतकापासून आहे, पण कामावरचा अर्थ आला अमेरिकी फुटबॉलमधून. (गोव्यात पायानं खेळतात तो फुटबॉल नव्हे, हातात चेंडू घेऊन पळतात तो.) वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट या कर्णबधिरांच्या कॉलेजचा संघ खुणांच्या भाषेत डाव ठरवायचा. समोरचा संघही कर्णबधिरांचा असला की त्याला त्या खुणा वाचता यायच्या. म्हणून 1890च्या दशकात पॉल हबर्ड या त्यांच्या खेळाडूनं सगळ्यांना गोल उभं करून हात आड करायला लावले, असं सांगतात. आपल्याकडं 2003च्या वर्ल्ड कपमध्ये भारतीय संघ विकेट पडली की खांद्यावर हात टाकून गोल करायचा, तेही हडलच. गर्दीत तोंडं कुठंही असतात, इथं सगळी आत वळलेली.

पण दरवेळी ठरवाठरवीच असते असं नाही. जूनमध्ये मडगावच्या कदंब बस स्टँडवर पाऊस तिरपा आत आला की माणसं अंग चोरून एका कोपऱ्यात सरकतात. त्यालाही इंग्रजीत हडलच म्हणतात. थंडी, पाऊस, भीती, काहीही कारण चालतं.

लिहिताना मात्र जपा. मी एकदा शिफ्टच्या वहीत 'हर्डल झाली' असं लिहिलं. हर्डल म्हणजे अडथळा. साहेब वही घेऊन थेट लाइनवर, "कुठं काय अडलंय?" आणि 'कडल' तर चुकूनही नको, त्याचा अर्थ कुशीत घेणं.

पहिल्या दिवशी नाव विचारतील. मराठीत बोललात तरी चालतं, इथं बहुतेकांना कळतं. फक्त मोठ्यानं सांगा, आणि पावणेआठ म्हणजे पावणेआठ. बस चुकली हे कारण पहिल्या आठवड्यातच संपतं.