संकल्प गड्ड्यापर्यंतच का टिकतो आणि तो पुढं कसा न्यायचा

१ जानेवारीला सकाळी आमच्या सोलापुरात स्मृती उद्यानाकडं जाऊन बघा, नवीन बूट घातलेली किती माणसं दिसतात ते. मग गड्डा, म्हणजे संक्रांतीच्या सुमाराची सिद्धेश्वराची यात्रा, उरकला की परत एकदा जावा, तेव्हा तीच रोजची जुनी मंडळी उरलेली असतात. मी पण सलग दोन वर्षं त्या नवीन बुटांत होतो आणि दोन्ही वेळा संक्रांतीच्या आत घरी बसलो. लोक लगेच म्हणतात निश्चय नाही, आळशी आहे, आणि ते ऐकून ऐकून माणसाला स्वतःलाच तसं वाटायला लागतं. मला हे अजिबात पटत नाही. हाच माणूस पाणी आलं की पहाटे चारला उठून सगळं घर भरून ठेवतो, कारखान्यात लूमच्या आवाजात पाळी काढतो, तो आळशी कसा काय? संकल्प मोडतो कारण त्याला आपल्या दिवसात जागाच दिलेली नसते, तो नुसता वरून ठेवलेला असतो.

माझंच सांगतो. रोज पहाटे पाचला उठायचं, पाच किलोमीटर चालायचं, एवढंच ठरवलेलं. १, २, ३ तारखेला गेलो. ४ ला सव्वाचारलाच गल्लीत मोटारींची घरघर सुरू झाली, म्हणजे पाणी आलं. आमच्याकडं नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येतं, त्यामुळं आलं की सोडून चालत नाही. मी पाईप धरून हौदावर, बायको आत बॅरल, घागरी, अगदी कुकरची भांडी पण भरून ठेवायला लागलेली, थंडीत पाईप हातातून निसटत होता. सहा कधी वाजले कळलं नाही, मग पोरांचे डबे, मग ड्युटी. ५ तारखेला अंग दुखत होतं, आणि ६ ला जाग आली होती बरं का, चांगली जाग आली होती, पण मनात आलं की आता दोन दिवस तुटलंच आहे तर कशाला. तिथं संपलं. नीट बघितलं तर पाण्यानं एकच दिवस खाल्ला होता, बाकीचं वर्ष त्या "तुटलंच आहे"नं खाल्लं.

तर पहिलं काम, संकल्प लिहायच्या आधी आपला आठवडा लिहून काढा. खरा आठवडा. पाणी साधारण कितव्या दिवशी येतं, पाळी कधी बदलते, क्लासला पोरांना कोण सोडतं, सासूबाईंना दवाखान्यात कधी न्यायचं असतं. मग त्यात आपल्या गोष्टीसाठी एक जागा शोधा आणि त्याच वेळी दुसरी पण शोधून ठेवा, पहिली जाणारच आहे हे धरून. मी आता लिहितो ते असं: पाणी नसेल त्या दिवशी सकाळी सहाला, पाणी आलं तर संध्याकाळी सातला. फक्त एवढंच वाक्य बदललं, पण आता पाणी आलं की संकल्प मोडत नाही, पाणी आलं म्हणजे संध्याकाळी जायचंय एवढाच त्याचा अर्थ होतो.

हे माझ्याच डोक्यातलं नाही. पीटर गोल्वित्झर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं यावर बरीच वर्षं काम केलंय, अमुक झालं की तमुक करीन असं आधीच ठरवून ठेवायचं. ब्रिटनमध्ये २००२ साली छापून आलेल्या एका अभ्यासात कॉलेजच्या पोरांना पुढच्या आठवड्यात एकदा तरी वीस मिनिटं दमदार व्यायाम करायचा होता. काहींना व्यायामाचे फायदे वाचायला दिले, आणि काहींना फायदे वाचायला देऊन शिवाय कुठल्या दिवशी, किती वाजता, कुठं हे कागदावर लिहायला लावलं. लिहिलेल्यांपैकी ९१ टक्क्यांनी व्यायाम केला. नुसते फायदे वाचलेल्यांपैकी ३५ टक्क्यांनी, आणि ज्यांना यातलं काहीच दिलं नव्हतं त्यांच्यापैकी ३८ टक्क्यांनी. म्हणजे नुसतं वाचून काही फरकच पडला नाही! सकाळी सकाळी मोटिव्हेशनचे व्हिडिओ बघून बघून आपण का हलत नाही ते इथं कळतं.

आता जागा शोधायची म्हणजे काय, तर आधीपासून होतच असलेल्या एखाद्या गोष्टीच्या शेपटीला बांधायची. आमच्या शेजारच्या अक्का विड्या वळतात. वळलेल्या विड्या देऊन आल्या की दारातच, चप्पल काढायच्या आधी, कमरेच्या पिशवीतून दहाची नोट काढून पत्र्याच्या डब्यात टाकतात, झाकणाला दानपेटीसारखी चीर पाडून घेतलीय त्यांनी. मी एकदा विचारलं, "अक्का, कधी विसरत नाही का ओ?" तर म्हणाल्या, "विसरायला काय हाय त्यात, चप्पल काढते तसं टाकते की." त्यांनी नवीन वर्षाचा संकल्प वगैरे कधी केला नसेल, पण मी आरडी दोनदा मोडली आणि त्यांच्या डब्यातून नातीची शाळेची फी गेली. तुम्हाला पण असंच करता येतं, बीपीची गोळी सकाळच्या चहाच्या कपाशेजारी ठेवायची, पुस्तक वाचायचं तर ते उशीवर ठेवायचं आणि मोबाईल चार्जिंगला बाहेरच्या खोलीत लावायचा. पैशाचं तर पगाराच्या दिवशीच बँकेतून आपोआप कापलं जाईल असं करून टाका, रोज ठरवायला लागेल असं काही ठेवूच नका.

तारखेचं पण बोलायला पाहिजे. जानेवारीचा पहिला पंधरवडा आपल्याकडं सगळ्यात अवघड. हुरडा पार्ट्या सुरू असतात, भोगीची तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि वर लोण्याचा गोळा, मग तिळगूळ, मग होम मैदानावर गड्डा, घरात पाहुणे. त्यात सात वाजत आले तरच उजाडतं. अशा दिवसांत खाणं कमी करायचं ठरवणं म्हणजे स्वतःवर अन्याय आहे, मी तर म्हणतो गड्ड्याचे दिवस आधीच सोडून द्या, कागदावर लिहूनच टाका की हे पाच दिवस सुट्टी. किंवा सुरुवातच नंतर करा. १ तारखेत काही जादू नाही. अमेरिकेत २०१४ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात दिसलं की माणसं नवीन वर्षालाच नाही, तर आठवड्याच्या सुरुवातीला, महिन्याच्या सुरुवातीला, वाढदिवसानंतर पण जिमला जास्त जातात. म्हणजे आपल्याला सोमवार आहे, पाडवा आहे, वाढदिवस आहे. एक चुकला तर दुसरा येतोच.

आणि सुरुवात लहान ठेवा हो. गड्ड्याच्या मिरवणुकीत ते उंच, जड नंदीध्वज पेलणारी पोरं बघितलीत ना, यात्रेच्या दिवशी एकदम येऊन कोणी उचलत नाही, आधी कितीतरी दिवस रात्री सराव चालू असतो, कमरेला पट्टा बांधून थोडं थोडं अंतर. आपण मात्र वर्षभर खुर्चीत बसून १ तारखेला एकदम पाच किलोमीटर. पहिले दोन आठवडे दहा मिनिटं चाला. कंटाळा येईल इतकं कमी वाटलं पाहिजे.

एकवीस दिवसांत सवय लागते असं सगळीकडं फिरतं, त्यावर जाऊ नका. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि तिच्या सहकाऱ्यांनी ९६ माणसांवर बारा आठवडे अभ्यास केला, त्यात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस निघाले, कोणाला १८ पुरतील तर कोणाला २५४ लागतील असा हिशोब आला. पाणी पिण्यासारखी साधी गोष्ट लवकर बसते, व्यायामाला वेळ लागतो. १ जानेवारीपासून ६६ दिवस मोजले तर ७ मार्च येतो, म्हणजे २२ तारखेला अजून जड जातंय म्हणून आपल्यात काही कमी आहे असं समजू नका. आणि त्याच अभ्यासातली मला सगळ्यात मोलाची वाटलेली गोष्ट अशी की मध्ये एखादा दिवस चुकला तरी सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. हे मला त्या ६ जानेवारीला कोणी सांगायला पाहिजे होतं.

शब्द कसे वापरता तेही बघा. "चहा बंद" लिहिलं की दिवसभर चहाच आठवतो. त्यापेक्षा "दुपारी चारला ताक" लिहा. स्वीडनमध्ये हजारावर लोकांचे संकल्प वर्षभर तपासले, तेव्हा काहीतरी करायचं असं ठरवणाऱ्यांपैकी जवळपास ५९ टक्के आणि काहीतरी टाळायचं ठरवणाऱ्यांपैकी ४७ टक्के स्वतःला यशस्वी म्हणाले. फरक प्रचंड नाही, पण फुकटात मिळतोय तर घ्यावा.

मार्च लागला की परत कागद घेऊन बसा. सोलापूरचं ऊन तुम्हाला माहितीय, एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी पार करतो, संध्याकाळी सातला पण रस्त्यातून वाफ येत असते, तिथं जानेवारीची वेळ चालत नाही. मी सकाळची वेळ साडेपाचला आणतो, तेव्हा उजाडतं पण लवकर, आणि पाण्याच्या दिवशीची फेरी जेवणानंतर साडेनऊला.

आमच्या दारामागं कॅलेंडर आहे, त्यावर चाललेल्या दिवशी एक पेन्सिलची रेघ आणि पाणी आलेल्या दिवशी "पा". आजच्या चौकोनात "पा" आहे, रेघ अजून नाही. मित्राचा फोन येऊन गेला आत्ताच, "काय करलालाय बे, येतोस का तलावाकडं?" सातला निघतोय.