पहिली वेबसाइट करताय? या चुका टाळा

‘साइट बंद पडलीय’ असं कोणी म्हणालं की आधी विचारावं: स्क्रीनवर नेमकं काय दिसतंय? वेबसाइटचं नाव, म्हणजे डोमेन, एकीकडे नोंदवलेलं असतं. तिच्या फाइली होस्टिंगवाल्याच्या, म्हणजे साइटसाठी जागा भाड्याने देणाऱ्याच्या, सर्व्हरवर (सतत चालू असलेल्या कॉम्प्युटरवर) असतात. नावावरून सर्व्हरचा पत्ता काढून देतं ते डीएनएस. ब्राउझर ‘सर्व्हर सापडला नाही’ म्हणत असेल तर घोटाळा बहुधा नावात किंवा डीएनएसमध्ये आहे. 404 दिसत असेल तर सर्व्हर जिवंत आहे, फक्त मागितलेलं पान तिथे नाही. 500 आला तर सर्व्हरवरचा प्रोग्राम किंवा त्याचं सेटिंग अडखळलंय. एवढं कळलं की निम्मे फोन वाचतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक तांत्रिक नाहीच. होमस्टे किंवा आंबाविक्रीसाठी साइट करायची म्हणून ओळखीच्या मुलाला पैसे दिले जातात, आणि तो डोमेन स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या ईमेलवर नोंदवतो. पुढे त्याला नोकरी लागते, नंबर बदलतो आणि नूतनीकरणाच्या सूचना कोणी न वाचलेल्या इनबॉक्समध्ये पडून राहतात. सातबाऱ्यावर नाव कोणाचं हे आपण दहादा बघतो, डोमेनचं मात्र विचारतही नाही. डोमेन कायमचं विकत मिळत नाही. डॉट कॉम एका वेळी जास्तीत जास्त 10 वर्षांसाठी नोंदवता येतं. मुदत उलटली की ते परत मिळवायला थोडे दिवस मिळतात, पण त्यातल्या शेवटच्या टप्प्यात जबर शुल्क पडतं. नंतर ते कोणीही घेऊ शकतं. आणखी एक खाच: डोमेनच्या खात्याला त्याच डोमेनवरचा ईमेल देऊ नका. डोमेन बंद पडलं की तो ईमेलही बंद, मग पासवर्ड बदलायची लिंक येणार कुठे?

होस्टिंग बदलताना नेमसर्व्हर (डोमेनच्या डीएनएस नोंदी ठेवणारे सर्व्हर) बदलले की काही तास एका फोनवर जुनी साइट दिसते, दुसऱ्यावर नवी. जुना पत्ता ठिकठिकाणी साठवलेला असतो, म्हणून असं होतं. इथे घाबरून सेटिंग पुन्हा पुन्हा फिरवू नका. एक-दोन दिवस थांबा आणि तोवर जुनं होस्टिंग चालू ठेवा. मात्र नेमसर्व्हर बदलण्याआधी जुन्या डीएनएसमधल्या सगळ्या नोंदी उतरवून घ्या. मेल कुठे पोहोचवायचा ते सांगणारी एमएक्स नोंद नव्या जागी टाकायची राहिली तर साइट झकास चालते आणि ईमेल गुपचूप थांबतो.

घरच्या विंडोजवर फोटो दिसतो, साइटवर दिसत नाही? फाइलचं नाव तपासा. विंडोजला लहान-मोठ्या रोमन अक्षरांचा फरक सहसा पडत नाही, लिनक्स या दुसऱ्या प्रणालीवर चालणाऱ्या सर्व्हरला पडतो. सगळी नावं लहान अक्षरांत, मोकळी जागा न सोडता ठेवा.

आता मराठीचं दुखणं. पानावर डोक्यावर तिरपी रेघ असलेला रोमन ‘ए’ (à) ओळीने दिसत असेल तर मजकूर बहुतेक शाबूत आहे, ब्राउझर तो चुकीच्या पद्धतीने वाचतोय. पानाच्या कोडमधल्या ‘हेड’ या भागात अगदी सुरुवातीलाच यूटीएफ-8 (युनिकोड अक्षरं साठवायची पद्धत) जाहीर करा. पण डेटाबेसमध्येच, म्हणजे साइटचा मजकूर जिथे साठतो तिथेच, अक्षरांऐवजी प्रश्नचिन्हं साठली असतील तर तो मजकूर गेला. डेटाबेसचं सेटिंग सुधारून पुन्हा भरावा लागेल. डीटीपीवाल्याकडून आलेला जुन्या फॉन्टमधला मजकूर तर थेट चिकटवूच नका. तो फॉन्टमुळे मराठी दिसतो, आत असतात भलतीच अक्षरं, आणि सर्चमध्ये तो कधीच सापडत नाही. कन्व्हर्टरने त्याचं युनिकोड (सगळीकडे चालणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) करा आणि ‘दुसऱ्या’, ‘कुऱ्हाड’ असे शब्द डोळ्यांनी तपासा. गडबड हमखास तिथेच होते.

‘सुरक्षित नाही’ असा शेरा क्रोम 2018 च्या जुलैपासून प्रत्येक साध्या एचटीटीपी पानाला, म्हणजे एचटीटीपीएस नसलेल्या पानाला, देतो. तो घालवायला सुरक्षा प्रमाणपत्र लागतं, पण त्यासाठी पैसे मोजायलाच हवेत असं नाही. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं प्रमाणपत्र फुकट मिळतं. त्याची मुदत मात्र फार तर 90 दिवसांची, तेव्हा नूतनीकरण आपोआप होतंय ना ते होस्टिंगवाल्याला विचारा. फोनमधले चार-पाच एमबीचे फोटो लहान करूनच चढवा. बॅकअप त्याच होस्टिंगवर ठेवू नका. तो स्वतःच्या कॉम्प्युटरवर उतरवा आणि एकदा उघडूनही बघा. डेटाबेसची फाइल त्यात नसेल तर हाती फक्त फोटो आणि थीम (साइटची सजावट) लागतील.