मंडळीत कीर्तन ठेवायचं असेल तर

आगमनकाळ जवळ आला की कुठल्या ना कुठल्या तरुण संघाचा फोन येतोच. "सलाम बाई, यंदा नाताळ आठवड्यात कीर्तन ठेवायचंय, कसं करायचं सांगा ना." जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्म गेला, त्यामुळे तेच ते पुन्हा सांगायचा कंटाळा नाही, पण आता एकदा लिहूनच ठेवते. नगर जिल्ह्यातल्या आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, जसं करतो तसं सांगते. तुमच्याकडे पेटीच्या जागी कीबोर्ड असेल, आवाराच्या जागी हॉल असेल, तेवढं जमवून घ्या.

पहिलं काम पाळकसाहेबांशी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंशी, आणि कमिटीशी बोलायचं. तिथे एकजण तरी म्हणणारच की कीर्तन आपलं नाही, ते देवळातलं. त्याच्याशी भांडू नका. त्याला सांगा, गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी सुमारे अकरा हजार मराठी ओव्यांत ख्रिस्ताची कथा रचली आणि १६१६ मध्ये ती राचोलला छापलीसुद्धा गेली. अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं १८३१ मध्ये, आणि त्याच शतकात नगरच्या कृष्णराव सांगळ्यांनी कीर्तनाच्या साजात शुभवर्तमान गायलं. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक बरीच वर्षं नगरलाच राहिले, त्यांनीही कीर्तनं केली. आणि त्यांचे अभंग तर तो कमिटीवाला स्वतः दर रविवारी डोळे मिटून गातो! एवढं झालं की बहुतेक विरोध मावळतो. तरी काय ठेवायचं आणि काय नाही हे तिथेच ठरवून घ्या. आमच्याकडे बुक्का नाही, कीर्तनकाराला हार नाही, आरतीच्या जागी सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना. तुमचं वेगळं ठरलं तरी हरकत नाही. पण ऐन कार्यक्रमात कुणी हार घेऊन पुढे यावं आणि पाळकसाहेबांनी हात वर करून त्याला थांबवावं, असा प्रसंग नको.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, कीर्तन ठेवू नका. बारा ते तीन येशूच्या क्रूसावरच्या सात उद्गारांची भक्ती झालेली असते, माणसं उपाशी असतात. नाताळ आठवडा, ईस्टरआधीच्या उपवासकाळातला एखादा शनिवार किंवा सुगी उरकल्यावरची उपकारस्तुती, यांपैकी काहीही चालेल.

आता कथा. नवी पोरं हमखास पूर्ण ख्रिस्तजन्म घेतात. गब्रिएलापासून मिसरात पळून जाईपर्यंत सगळं कोंबतात, आणि मेंढपाळ येईपर्यंत पुढच्या सतरंजीवरची मुलं झोपलेली असतात. एकच तुकडा घ्या. घर, शेत, भाऊबंदकी, उपासमार असं काही ज्यात आहे अशी कथा कीर्तनात लवकर उभी राहते. रूथ आणि नामी, योसेफ आणि त्याचे भाऊ, जक्कय, किंवा उधळ्या पुत्र, म्हणजे वाटणी घेऊन परमुलखात गेलेला, सगळं उडवून दुष्काळात डुकरं राखायची वेळ आलेला आणि शेवटी बापाकडे परतलेला धाकटा मुलगा. आणि शास्त्र उघडून वाचा, नाटकातून आठवलेलं बोलू नका. बेथलेहेमचा तो कठोर सरायवाला लूकच्या शुभवर्तमानात नाहीच. उतारशाळेत जागा नव्हती, एवढंच तिथे आहे. बाळ येशूला भेटायला आलेले मागी, म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी, तीन होते असंही मत्तय म्हणत नाही, देणग्या तीन आहेत. आमच्या मंडळीत एक निवृत्त तलाठी आहेत, ते पवित्र शास्त्र मांडीवर उघडं ठेवून कीर्तन ऐकतात. असा एक श्रोता प्रत्येक मंडळीत असतो आणि तो असावाच.

बांधणी नारदीय कीर्तनाचीच. आधी नमन, मग एक पद आणि त्यावर निरूपण, हा पूर्वरंग. मग कथा, म्हणजे उत्तररंग. शेवटी प्रार्थना. पूर्वरंगाला एकच वचन घ्या, दहा नकोत. दहा वचनांनी त्याचं प्रवचन होतं, आणि ते रविवारी असतंच. उधळ्या पुत्राची कथा असेल तर आम्ही स्तोत्र १०३ मधलं बापाच्या ममतेचं वचन घेतो. वीस-पंचवीस मिनिटांत निरूपण संपवायचं. कथेला पाऊण तास पुरतो.

कथा सांगताना बोलणं आणि गाणं यांचं प्रमाण सांभाळा. वाट चालणं, दिवस सरणं हे साकीत किंवा ओवीत सांगावं. दुःखाला दिंडी. मेजवानीचा थाट, माणसांची धांदल असेल तिथे कटाव, भरभर, श्वास न घेता. वृत्तं येत नसतील तर घाबरू नका, ओवी सगळ्यांना जमते. तीन चरणांना यमक, चौथा आखूड. बाप धावतो त्या जागेसाठी मी ही जोडली आहे, हवी तर घ्या:

दूर दिसता येताना पोर ।
वृद्ध पायांना फुटला जोर ।
लोकलाजेचा तुटला दोर ।
धावला बाप ॥

या जागेवर थोडं थांबते, कारण कीर्तन इथे तरतं किंवा बुडतं. आपल्याकडे म्हातारा, मानाचा, जमीनजुमला असलेला माणूस रस्त्यातून धावत नाही. धोतराचा सोगा हातात धरून, फेटा सुटलेला, गाव बघतंय आणि हा पळतोय, हे श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे आणा. त्याआधी त्या देशात पडलेला दुष्काळ सांगताना आमच्याकडे जास्त शब्द लागत नाहीत. पाथर्डीकडची, ऊसतोडीला जाणारी माणसं समोर बसलेली असतात. घरदार सोडून पोटासाठी परमुलखात जाणं म्हणजे काय हे उसाच्या फडावर राहून आलेल्यांना कीर्तनकाराने शिकवायचं नसतं. डुकरांच्या शेंगांशी मात्र घाई करू नका. मुलगा त्या शेंगांकडे बघतो, आणि त्याही त्याला कुणी देत नाही, तिथे पेटी थांबवा. तबलाही थांबवा. मग ओवी सुरू करा.

शेवट थोरल्या भावावर. तो शेतातून येतो, वाद्यं ऐकतो आणि दाराबाहेर रुसून बसतो. बाप पुन्हा बाहेर येतो, या खेपेला त्याच्यासाठी. थोरला आत गेला की नाही, हे लूक सांगत नाही. तुम्हीही सांगू नका. पुष्कळ कीर्तनकार त्याला आत नेऊन, भावाच्या गळ्यात घालून मोकळे होतात. समोर सख्ख्या भावाशी बांधावरून कोर्टात गेलेला कुणीतरी बसलेला असतो, त्याच्यासाठी ती जागा मोकळी ठेवायला हवी.

कीर्तनकार चांगला असून भागत नाही. मंडळी गायली पाहिजे. लोक नुसते ऐकत बसले तर तो भाषणाचा कार्यक्रम. म्हणून ध्रुपद, म्हणजे पदाची परत परत म्हणायची ओळ, असं निवडा की भजनी ठेक्यात सहज बसेल. आमची परीक्षा सोपी आहे. संडे स्कूलच्या मुलांना दोनदा ऐकवायचं, तिसऱ्यांदा त्यांना म्हणता आलं तर ठेवायचं, नाहीतर दुसरं शोधायचं.

सराव चर्चमध्ये करू नका, घरसभांमध्ये करा. आठवड्याची घरसभा ज्या घरी असेल तिथे प्रार्थनेनंतर अर्धा तास पदं म्हणायची. त्याने दोन गोष्टी साधतात. जे आजारपणामुळे रविवारी येत नाहीत त्यांच्याही कानावर चाल पडते, आणि चालीवरचं भांडण घरातल्या घरात मिटतं. भांडण होणारच. प्रत्येक सून माहेरच्या मंडळीची चाल घेऊन आलेली असते आणि तीच खरी असं तिचं म्हणणं असतं. आमच्याकडे एका अभंगाच्या दोन चालींवरून महिला मंडळात फार ताणलं गेलं होतं. शेवटी एक कडवं एका चालीत आणि दुसरं दुसऱ्या चालीत बसवलं, आणि ऐकायला ते झकास लागलं. जी सर्वांत म्हातारी आजी असेल तिला विचारल्याशिवाय चाल बदलू नका. तिला शब्द आठवत नसतील, चाल आठवते.

पट्टीचा, म्हणजे पेटीच्या कुठल्या स्वरावरून गायचं याचा, घोळ आधीच निस्तरा. पुरुष कीर्तनकार काळी एकला सुखात गातो, पण तेवढ्या खाली बायकांचा आवाज विरून जातो. काळी चारला लावलं तर पुरुषांचे गळे चिरकतात. आम्ही पांढरी तीनवर तडजोड केली आहे. पेटीवाल्याला हे आधी सांगा, तो ऐनवेळी आपल्या सोयीची पट्टी धरतो.

तबलजी मंडळीत नसेल तर गावच्या भजनी मंडळाला विचारा. आमच्याकडे वारकरी भजनातले पखवाजवाले काका येतात. त्यांना फक्त ठेका आणि कुठे थांबायचं ते सांगावं लागतं, बाकी कीर्तनाचं अंग त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. ते येतात म्हणून त्यांच्या घरचेही येतात. आणि म्हणूनच एक सक्त सूचना आहे. पूर्वरंगात दुसऱ्याच्या देवाबद्दल, रिवाजाबद्दल वाकडा शब्द नको. आवेशात तोंडातून जातं, म्हणून निरूपण लिहून काढा आणि पाळकसाहेबांना आधी वाचून दाखवा. शेजाऱ्यांना बोलावताना सरळ सांगा की चर्चमध्ये कीर्तन आहे, येशूची एक कथा आहे, या.

आवारात मांडव घालणार असाल तर माइकची परवानगी पोलीस ठाण्यातून आधी काढा. रात्री दहाला भोंगा बंद, हा कायदाच आहे. मग सातला सुरू करा असं शहरातले पाहुणे सुचवतात. धारा काढून दूध डेअरीला घातल्याशिवाय आमच्याकडे कुणी येत नाही, त्यामुळे पत्रिकेवर साडेसात छापायचं आणि साडेसातलाच सुरू करायचं, चारच माणसं असली तरी. नमनाचा आवाज ऐकून बाकीची येतात.

माइकवाल्याला तीन माइक मागा. एक कीर्तनकाराला, एक पेटी-तबल्याला आणि तिसरा बायकांच्या मधोमध. हा तिसरा त्याला पटत नाही, पण हट्ट धरा. आपलाच आवाज मांडवभर ऐकू आला की माणसं मोकळी गातात. आणि एको बंद करायला सांगा, स्वतः उभं राहून बंद करून घ्या. एकोत अभंगाचा शब्द कळत नाही आणि शब्द कळला नाही तर कीर्तन कशाला? खुर्च्या मागे आणि कडेला, गुडघेदुखीवाल्यांसाठी. मधे सतरंज्या. खुर्चीत माणूस हाताची घडी घालतो, सतरंजीवर टाळी वाजवतो. टाळ पाच-सहा जोड्या पुष्कळ झाले, आणि ते तरुण संघातल्या पोरांकडे द्या, नाहीतर ती मागे मोटारसायकलींवर बसून राहतात.

चर्चच्या आत करणार असाल तर कीर्तनकार वेदीच्या पायऱ्यांखाली उभा राहील, वर नाही. साथीदार त्याच्या मागे. पेहरावाचा आग्रह मी धरत नाही. धोतर-उपरणं शोभतं, मी नऊवारी नेसते. पण सुटाबुटात चिपळ्या घेऊ नका, बघवत नाही.

पूर्वरंग संपला की अर्पण. त्यासाठी वेगळी घोषणा, आकडे, देणगीदारांची नावं असं काही नको. पद चालू ठेवायचं आणि थैल्या फिरवायच्या. थैली भरो न भरो, पद संपलं की कथा सुरू. मोजणी दोघांनी मिळून त्याच रात्री करायची, रजिस्टरला लिहून दोघांनी सह्या करायच्या. पैसा किरकोळ असतो, त्यावरून होणारी कुजबुज किरकोळ नसते.

कथेनंतर कीर्तनकाराने जास्त बोलू नये. ध्रुपद दोनदा, मग "प्रभू येशू ख्रिस्त की जय", प्रभूची प्रार्थना, पाळकसाहेबांचा आशीर्वाद. सत्कार, आभार, मान्यवरांचे दोन शब्द हे सगळं चहाच्या वेळी उरका, मांडवात नको. चहा-पोह्यांचं काम महिला मंडळाच्या गळ्यात टाकू नका. त्या गाणाऱ्या आहेत, त्यांना शेवटच्या पदाआधी चुलीकडे उठावं लागतं आणि पदाचा आवाज निम्मा होतो. पुरुषांनी करावेत. आमच्याकडे करतात, पोहे जरा गिच्च होतात, पण करतात.

पखवाजवाल्या काकांचं मानधन आणि जाण्यायेण्याचं भाडं पाकिटात घालून आधीच तयार ठेवा. त्यांना निघताना "उद्या देतो" म्हणू नका. पाकीट पाळकसाहेबांनी द्यावं, आणि त्यांना घरी सोडायला तरुण संघातल्या एकाने गाडी काढावी.