दारात आलेला बेलिफ खरा की वसुलीवाला?

जुन्या इंग्रजीत कर्जदाराला पकडणाऱ्या शिपायाला 'बमबेलिफ' म्हणत. बम म्हणजे ढुंगण. माणसाला मागून गाठायचा, म्हणून हे नाव. 'बेलिफ' म्हणजे कोर्टाचा हुकूम बजावणारा कर्मचारी; या शब्दाचं मूळ लॅटिन 'बायुलस', म्हणजे ओझं वाहणारा. शिवीवजा शब्द गेला, बेलिफ मात्र ठाण्याच्या कोर्ट नाक्यावर आजही रोज कानावर पडतो.

तो थकलेल्या पैशापोटी अटक करायला दारात आला तर आधी वॉरंट मागा आणि सावकाश वाचा. तारीख, सही, कोर्टाचा शिक्का आणि कोणत्या तारखेपर्यंत बजावायचं ती मुदत, या चारही गोष्टी हव्यात. मुदत उलटलेली असली तर ते तिथेच दाखवा. बहुतेक जण घाबरून नुसता शिक्का बघतात, तिथेच फसतात.

दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम ५५ प्रमाणे अटकेसाठी सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी राहत्या घरात शिरता येत नाही. हुकूमनाम्याची, म्हणजे कोर्टाने निकालात द्यायला सांगितलेली, रक्कम आणि अटकेचा खर्च जागेवर भरला, तर लगेच सोडावंच लागतं. पावती घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. पैशाच्या हुकूमनाम्यात बाईला अटक होत नाही (कलम ५६). तुरुंगवास जास्तीत जास्त ३ महिने, पण तो भोगून कर्ज फिटत नाही, हे पक्कं ध्यानात ठेवा.

बँकेचा वसुली एजंट बेलिफ नव्हे. त्याला अटकेचा काडीचाही अधिकार नाही, आणि रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार सकाळी ८ आधी व संध्याकाळी ७ नंतर त्याने फोनही करायचा नाही.